आईच्या आवाजाचं दुकान

मी माझ्या आईचा आवाज इंटरनेटवर विकतो.

लगेच वाईट वाटून घेऊ नका, तिला विचारून विकतो. शिवाय कितीही विकला तरी तिच्याकडे भरपूर शिल्लक राहतो! आमचं घर कारध्याला, वैनगंगेच्या काठी. आई सकाळी अंगणात उभी राहून "उठा रे!" म्हणाली की शेजारी उठतात, त्यांच्या कोंबड्या उठतात, घरातलेही सगळे उठतात (मी सोडून). नदीपल्याड भंडाऱ्यात एखादा हलक्या झोपेचा माणूसही दचकून बसत असावा, असा माझा अंदाज आहे.

धंदा मुळात माझ्या बायकोचा, वनिताचा. आमची मुलगी श्रेया पुण्याला शिकायला गेली आणि सकाळची लेक्चरं झोपेत घालवू लागली. (वडिलांवर गेली आहे.) वनितानं आईची हाक मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि पाठवून दिली, "गजर म्हणून लाव." दुसऱ्या सकाळी श्रेया उठली. तिची खोली उठली. अख्खा मजला उठला! होस्टेलमधल्या पोरी फाइल मागू लागल्या, तेव्हा वनितानं 'साधी हाक', 'परीक्षेची हाक', 'पाहुणे आले हाक' असा एक संच बनवला आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारात विकायला ठेवला. तिथं लोक गाणी, चित्रं, भरतकामाचे नमुने असल्या फाइली विकतात. गिऱ्हाईक पैसे भरतं, फाइल उतरवून घेतं, आपण आपला वरणभात जेवत बसायचं.

लोक घेऊ लागले. अभिप्रायही लिहू लागले. "पहिल्याच हाकेत पलंगाखाली. पाच तारे."

वनितानं हे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "तारे कायले देऊन राहिले? त्याईले म्हणा, उठले ना? मंग कामाले लागा!"

सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणून मी मध्ये पडलो.

भंडाऱ्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे, त्यामुळे घरात तज्ज्ञ मीच. मी म्हटलं, "आई, हा बाजारवाला प्रत्येक विक्रीमागं कमिशन कापून घेते. ओरडणार तू अन् खाणार तो?"

"अरे, लाखनीच्या बाजारात वांगे घेऊन बसलं तरी जागेचे पैसे द्याच लागते ना?"

"म्हणून तर म्हणतो, आपल्या अंगणातच दुकान टाकू. स्वतःची वेबसाइट! कमिशन नाही, काही नाही."

"अंगणात येते कोण रे?" आईनं विचारलं.

हा प्रश्न मी अडाणी समजून सोडून दिला. वनिताला बाजारातलं दुकान बंद करायला लावलं आणि झटून वेबसाइट बनवली. वर आईचा फोटो, खाली 'आत्ता विकत घ्या'चं बटण, त्याखाली 'मदतीसाठी' माझा फोन नंबर.

पहिल्या आठवड्यात मी आनंदानं ओरडलो, "वनिता, तीन जण येऊन गेले!"

वनितानं पाहिलं. "एक तुम्ही घरून, एक तुम्ही क्लासमधून, अन् एक तुम्ही मोबाइलवरून."

मग मी डोकं लढवलं. वेबसाइट उघडली रे उघडली की आईची हाक आपोआप वाजेल, अशी सोय केली आणि सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवली. आसगावच्या मामांनी ती उघडली तेव्हा त्यांच्या घरी मुलगी पाहायला पाहुणे आले होते. पोहे नुकतेच हातात पडलेले. आणि मामांच्या मोबाइलमधून आई गरजली, "ऊठ! दुसऱ्याच्या घरी किती वेळ बसतं माणूस?"

पाहुणे उठले! बशा तशाच ठेवून उठले!! मुलाचे वडील चपला घालेपर्यंत मामा त्यांच्या मागं "अहो, ते तुम्हाले नाही" म्हणत धावत होते. (लग्न पुढे जमलं. पण व्याही अजूनही मामांच्या घरी फोन बंद केल्याशिवाय बसत नाहीत.)

मामांच्या या प्रसंगाची चर्चा झाली आणि खरोखरची गिऱ्हाइकं येऊ लागली. त्याबरोबर मदतीचे फोनही.

"साहेब, पार्सल कधी येईन?"

"पार्सल नाही हो, फाइल आहे."

"हाव, पण फाइल कोणत्या कुरिअरनं येऊन राहिली?"

लाखनीचे एक गृहस्थ तर मोटारसायकलवर घरीच आले आणि मोबाइल पुढं करून म्हणाले, "याच्यात भरून द्या. अन् काकू घरी असतीन तं ताजीच भरा."

बाजारातला तो कमिशनखाऊ हे सगळं निमूटपणे निस्तरत होता, हे माझ्या लक्षात येऊ लागलं होतं. पण तज्ज्ञ माणसानं असं पटकन मान्य करायचं नसतं.

अशात एका दुपारी श्रेयाचा फोन आला. "बाबा, तुम्ही स्वतःच्या लग्नाच्या दिवशी झोपून राहिले होते?"

"कोणी सांगितलं?"

"आमच्या रेक्टर मॅडमनं. त्यांचा गजर रोज सांगते."

मी धावत कॉम्प्युटर उघडला. वेबसाइटसाठी मी माइकवर नव्यानं घेऊन 'साधी हाक' म्हणून जी फाइल चढवली होती, ते कच्चं रेकॉर्डिंग होतं. हाक संपल्यावर मी माइक बंद करायला विसरलो होतो, आणि आई पुढं बोलतच गेली होती:

"झालं का रे, नऱ्या? हा सवता आठ वाजेपर्यंत लोळते अन् दुनियेले उठवाचं दुकान टाकते! धान राखाले पाठवला तं बांधीत झोपला, बेडूक येऊन छातीवर बसला तरी उठला नाही. लग्नाच्या दिवशी नवरदेवाले चार माणसाईनं धरून उभा केला. वनिताच्या बापानं विचारलं, पोरगा आजारी आहे काय? आता काय सांगू त्याईले!"

नऱ्या म्हणजे मी. नरेश. आणि हे जितकी गिऱ्हाइकं झाली होती, तितक्या घरांत रोज सकाळी वाजत होतं!

मी रागावलो नाही, पण हसलोही नाही, आणि ते आईनं पाहिलं. "म्हणजे मी पोराची इज्जत गावोगाव घालवली?" एवढंच तिनं विचारलं आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या सकाळी अंगणात हाक आली नाही. त्यानंतरही नाही. आई हळू बोलू लागली. मला "नरेश" म्हणू लागली! मीठ मागायचं तरी कुजबुजून मागायची. आमच्या शेजारीण पुष्पाताई कुंपणावरून विचारायला आल्या, "काकूले बरं नाही काय? आमचे पोट्टे दोनदा शाळेत उशिरा गेले." ते शांत घर मला सहन होईना. मी म्हटलं, "आई, माझी काही इज्जत गेली नाही. होतीच कुठं?" ती नुसतीच "हं" म्हणाली.

गिऱ्हाइकांचे पैसे परत करावेत म्हणून मी माफीचा मजकूर लिहून सगळ्यांना पाठवला. उत्तरं आली, तेव्हा वनितानं आईला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि मोठ्यानं वाचू लागली.

"पैसे नको. नऱ्याचं पुढं काय झालं ते सांगा."

"आमच्या घरीही एक नऱ्या आहे. बेडकाचं ऐकून तो पहिल्यांदा आपणहून उठला."

आईच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. मग वनिता एका उत्तरापाशी थांबली आणि तिनं सावकाश वाचलं, "माझं नाव सुधाकर. आई गेल्यापासून मला नावानं कोणी रागावलं नाही. आजी, नऱ्याच्या जागी एकदा माझं नाव घ्याल का?"

आई पाटावरून उठली. मग म्हणाली, "कोणाचं पोरगं आहे हे? नऱ्या, माइक आण!"

नऱ्या! मी इतक्या चपळाईनं जन्मात कधी उठलो नव्हतो.

आईनं सुधाकरला कधी पाहिलेलं नाही, पण ती त्याला अशी रागावली की वनिता दाराआड तोंड लपवून रडली. "सुधाकर! अबे, ऊठ ना! माय नाही म्हणून कोणी पाहून नाही राहिलं, असं वाटते काय तुले? अंथरूण कोण उचलंन? अन् उपाशी नको जाजो, दोन घास खाऊन जाजो." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज खाली आला, आणि तो मी कापला नाही. माझ्या तज्ज्ञपणातला तेवढा एक निर्णय बरोबर निघाला.

त्यानंतर दुकानाची घडी आईनंच बसवून दिली. "वनिता, तू आपली बाजारात बस. तिथं अनोळखी माणूस येते, वस्तू पाहते, ओळख होते. ओळख झाली, सवताच्या नावानं शिव्या खावंशा वाटल्या, का मंग तो अंगणात येते." म्हणून तयार गजर पुन्हा बाजारात गेले, आणि वेबसाइटवर फक्त नावाच्या हाका राहिल्या. माझा फोन नंबर काढून टाकला. दोन्हीकडं बरं चाललं आहे. एवढा मोठा हिशेब तिनं तांदूळ निवडता निवडता सोडवला, आणि मी तिला 'अंगणात येते कोण'चं उत्तर द्यायला निघालो होतो!

बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो अर्थातच 'नऱ्याचा गजर'. मी तो मागं घ्यायला सांगितलं नाही. सांगून ऐकणार कोण?

परवा लाखनीहून एसटीनं घरी येत होतो. खिडकीशी डोळा लागला. एकदम कानाशी आईचा आवाज, "नऱ्या! बेडूक बसला तरी उठला नाही!" मी ताडकन उभा राहिलो. बस हसत होती. शेजारच्या जाडजूड गृहस्थांनी घाईघाईनं मोबाइल बंद केला.

"माफ करा हं. भंडाऱ्याले उतरायचं चुकू नये म्हणून लावला होता. ह्या नऱ्यापायी तुमची झोप मोडली." मग हळहळून म्हणाले, "काय सोन्यासारखी माय आहे बिचारी! अन् पोरगं पाहा कसं निघालं."

"हो ना," मी म्हटलं, "वाया गेलेला माणूस आहे तो."

आणि भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरून, झोपेत मागं राहिलेल्या कारध्याकडे पुलावरून पायी परत निघालो.