हॉर्नवरचा हात

गोदामात सगळे त्यांना दादा म्हणत. मूळ नाव घेताना तिथल्या लोकांची जीभ अडखळायची, म्हणून त्यांनी स्वतःच हे सोपं नाव पुढे केलं होतं. दादा मुळात ट्रक ड्रायव्हर. घाट, धुकं, उखडलेले रस्ते, सगळं कोळून प्यायलेले. परदेशात आले ते मात्र खोकी उचलायला, कारण तिथलं लायसन्स मिळेपर्यंत गाडीला हात लावायची सोय नव्हती. ड्रायव्हर झालं की कंपनी राहायला दोन खोल्या देणार होती आणि मग बायकोला बोलावता येणार होतं. तोवर एका खोलीत तिघे जण, आणि एकाच्या घोरण्यापायी दुसऱ्याच्या झोपेचं खोबरं.

परीक्षा म्हणजे आपल्या हातचा मळ, असं दादांना वाटलं होतं. त्यांनी वळणावर हॉर्न दिला, सायकलवाल्याला दिला, पुढच्या गाडीलाही दिला. शेजारी बसलेल्या परीक्षकबाई दर वेळी दचकत होत्या. नापास! तिथे हॉर्न म्हणजे शिवी, हे त्यांना नंतर कळलं. दादांच्या लेखी ती नुसती विचारपूस होती: आलोय बरं का, जाऊ का पुढे, सांभाळा. रस्त्यावरून असं मुकाट्याने जायला आपण काय चोरी केलीय?

दुसऱ्या वेळी अगदी ठरवून गेले, तरी मेला हात हॉर्नवर गेलाच.

बायकोने फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “अहो, नसेल जमत तर या परत. इथे कोण तुम्हाला खायला उठलंय?”

दादांना ते लागलं. हिला मनातून इकडे यायचंच नाही की काय, ही शंका डोक्यात भुणभुणायला लागली. विचारायची हिंमत होईना. “पास झाल्याशिवाय मी काही येत नाही,” एवढंच म्हणाले.

मग दादा त्या सवयीच्या हात धुऊन मागे लागले. गोदामात ढकलगाडी नेताना “बाजू, बाजू” ओरडणं बंद. कोणी आडवं आलं की थांबायचं आणि गप्प उभं राहायचं. मुकादमाने काळजीने विचारलं, “दादा, बरं नाही का?” रस्त्यात दोन बायका गप्पा मारत रमतगमत चालल्या असतील, तर दादा निमूटपणे त्यांच्या मागे. एकदा या नादात त्यांची बसही चुकली.

तिसऱ्या परीक्षेत गाडी कशी लोण्यासारखी चालली होती. परत येताना एका फाटकातून एक व्हॅन मागे न बघता उलटी बाहेर आली. दादांनी ब्रेक दाबला आणि गप्प बसले. व्हॅन येतच राहिली. दादांच्या कपाळाला घाम फुटला, पण तोंड आणि हात दोन्ही बंद. शेवटी परीक्षकबाईंनीच हात लांब करून हॉर्न दाबला, तेव्हा कुठे ती वीतभर अंतरावर थांबली.

“हॉर्न यासाठीच असतो,” बाई म्हणाल्या. पुन्हा नापास.

हसावं की रडावं, दादांना कळेना. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी घरी फोन लावला.

“आज हॉर्न दिला नाही म्हणून नापास केलं.”

पलीकडून एकदम हसू फुटलं. हसता हसता तिला ठसका लागला. दादांना राग यायचा तो आलाच नाही.

“मग आता शिकायचं काय राहिलं?” ती म्हणाली. “कधी द्यायचा नाही ते कळलं, कधी द्यायचा तेही कळलं. चौथी तारीख घ्या.”

“घेतली. तुला सांगायच्या आधीच घेतली.” दादा घुटमळले. आता नाही तर कधीच नाही. “पण तुला यायचंय ना इकडे?”

“सकाळीच पासपोर्टसाठी फोटो काढून आले. म्हटलं, तुमचा निकाल कळायच्या आत काढून टाकावा.”