आपला वॉचमन

चालताना गाडीची किल्ली बोटावर फिरवणारे ते काका सकाळी आमच्या बेसा वस्तीतल्या मैदानावर फिरायला आमच्यासोबत असतात. सरकारने सगळ्यांना मोफत इलाज द्यावा, असा विषय निघाला की किल्ली थांबते. “लोकाइच्या आजाराचा पैसा मी काहून भरू गा?”

परवा त्यांच्या सोसायटीचा वॉचमन छाती धरून खाली बसला. विमा वगैरे त्याचा काही नव्हता. काकांनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि सगळा खर्च अंगावर घेतला.

आज मैदानावर त्यांचं पुन्हा तेच सुरू झालं, तेव्हा मी म्हटलं, “मग वॉचमनचं काय?” त्यांची किल्ली पुन्हा फिरू लागली.

“तो लोकाइतला आहे का? तो तर आपला आहे ना गा.”

दुपारी मी वॉचमनला भेटायला दवाखान्यात गेलो. वॉर्डाबाहेरची बाकं आजारी लोकांनी भरलेली होती. त्यांतल्या कोणालाच मी ओळखत नव्हतो.