आप्पांचं हॉर्टिकल्चर

आप्पांसमोर इंग्रजी शब्द उच्चारला की संध्याकाळ गेलीच म्हणून समजावं. माझे हे चुलते परंड्याला इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. बसमध्ये कंडक्टरलासुद्धा 'तिकीट' हा शब्द कुठून आला ते आधी सांगणार, मग कुर्डुवाडीचं तिकीट मागणार.

मी हॉर्टिकल्चर शिकून रोपवाटिका काढली आणि त्यांना आयतं गिऱ्हाईक मिळालं. म्हणजे माझं गिऱ्हाईक. पेरूची कलमं बघणाऱ्याला गाठून ते सुरू करत, "हॉर्टस म्हंजे लॅटिनमधी बाग. नुसती न्हाय, कुंपण घातलेली. अन् कल्चर म्हंजे मशागत." माणूस 'येतो जाऊन' म्हणे, तो परत येत नसे.

मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलगी काय शिकली?" आईनं आप्पांकडे डोळे वटारले. व्यर्थ. हॉर्टस, कुंपण, मशागत. चहावर साय धरली.

शेवटी पाहुणे म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. लग्नानंतर रोपवाटिका बंद करावी लागंल. आमच्या बायका घराबाहेर पडत न्हाईत."

"मंग शब्द समजलाच न्हाय तुम्हाला," आप्पा म्हणाले. "कुंपण बागेला असतंय. बाग करणारीला न्हाय."

पाहुणे उठले. आईनं अबोला धरला. मीही चिडले. नकार मलाच द्यायचा होता. तोही यांनी परस्पर देऊन टाकला!

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. काकू जेवणाचं विचारी, आई औषधाचं. आप्पा भिंतीकडे बघत पडून राहत.

एका संध्याकाळी मी मुद्दाम म्हटलं, "आप्पा, फार्मर म्हंजे मूळचा नांगर धरणारा, व्हय ना?"

मान झटक्यात वळली. ओठ थरथरत राहिले, लाळ गळली, मी ती पुसली. बऱ्याच वेळानं आवाज फुटला, "खं... खंड."

खंड, म्हणजे जमिनीचं ठरलेलं भाडं. फार्मर म्हणजे मूळचा खंड भरणारं कूळ. मला हे सातवीपासून पाठ होतं, त्यांनीच घोकून घेतलेलं. पण तेवढ्यावर त्यांचं भागणार नव्हतं. डाव्या हातानं त्यांनी खुर्ची दाखवली.

रोपांना पाणी घालायचं राहिलं होतं. मी कपाळाला हात लावला आणि बसले.