टिकणारं फूल

आमची लेक जन्मली त्या दिवशी मी पहिलीच चूक केली आणि ती तिच्या पायाला बांधून ठेवली.

शनिवार पेठेतलं छोटंसं प्रसूतिगृह. बाळाच्या पायाला बांधायच्या पट्टीवर सिस्टर आईचं नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढंच लिहीत होत्या. मला ते फारच कोरडं वाटलं. बाप होऊन अजून तासही झाला नव्हता, अंगात उदारपणा संचारला होता. म्हणालो, “अहो सिस्टर, नुसतं मुलगी काय? प्राजक्ता लिहा.”

त्यांनी लिहिलं.

नाव मुळात ठरलेलंच नव्हतं. बायकोनं सहा महिने खपून फुलांच्या नावांची यादी केली होती, त्यात प्राजक्ता होतं, पण शेवटून दुसरं. शिवाय आमच्याकडे नाव ठेवायचं ते बाराव्या दिवशी, बारशाला, आणि तेही आत्यानं. आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या हक्काला हात लावायचं धाडस मी शुद्धीवर असताना कधीच केलं नसतं.

तिसऱ्या दिवशी ताई कसब्यातून हळिवाचे लाडू घेऊन आली. डबा खाली ठेवायच्या आधीच तिनं पट्टी वाचली.

“ठेवून मोकळा झालास नाव?”

“तात्पुरतं आहे गं.”

“तात्पुरतं बिऱ्हाड असतं, नाव नसतं. आणि प्राजक्त? अरे, उजाडायच्या आत गळून पडतो तो...”

एवढं बोलून तिनं जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येत नाही. बायकोनं तोंड भिंतीकडे केलं आणि मी उगाचच लाडवाच्या डब्याचं झाकण लावू लागलो. ते लागेना.

त्याच दुपारी डॉक्टरांनी बाळाचं नाक बोटानं हलकेच दाबलं. बोट उचललं तिथली कातडी हळदीसारखी पिवळी. “पुष्कळ बाळांना होते कावीळ,” ते म्हणाले, “पण हिची जरा भराभर चढतेय.” डोळ्यांवर पट्टी बांधून तिला काचेच्या पेटीत, निळ्या दिव्यांखाली ठेवलं. संध्याकाळी रक्त तपासायचं, सकाळी पुन्हा तपासायचं. काविळीचा आकडा सकाळीही चढाच राहिला, तर तिच्या अंगातलं रक्त बदलावं लागणार होतं.

“आणि नाही बदललं तर?” मी विचारलं.

“ती वेळ येऊ द्यायची नाही,” ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

मी शास्त्र शाखेचा पदवीधर. काविळीचा फुलांशी काही संबंध नसतो हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या पायांना मात्र ते कुणी शिकवलेलं नव्हतं. ते मला सिस्टरांच्या टेबलापाशी घेऊन गेले.

“सिस्टर, ती पायाची पट्टी बदलता येईल का?”

“का? रुततेय?”

“नाही, तेवढं नाव काढायचं होतं.”

“तुम्हीच सांगितलंत ना लिहायला?”

“हो, पण आता नको वाटतंय.”

“आम्ही इथे बाळं सांभाळतो, तुमच्या लहरी नाही. बसा तिकडे बाकावर.”

मी बसलो. त्या पेटीकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघायला भीती वाटत होती. आपण नजर काढली तर तेवढ्यात काहीतरी होईल, असं काहीतरी. शेवटी बायकोचं औषध आणायला कुणीतरी मला बुधवार पेठेत पिटाळलं. औषध घेतलं. परत येताना देवळाबाहेर फुलवाल्या बसल्या होत्या. माझे पाय तिथे थांबले.

“मावशी, सगळ्यात जास्त टिकणारं फूल कुठलं?”

“कशाला पाहिजे? देवाला का लग्नाला?”

“टिकायला.”

तिनं हार ओवता ओवता मान वर केली. “शेवंती न्या. पाणी मारत राहिलात तर आठवडाभर बघायला नको.”

आठवडा! एवढ्या टोपल्या, एवढे ढीग, आणि त्यातल्या सगळ्यात चिवट जिवाची मजल आठवडाभर. माझी तीन दिवसांची झाली होती. मी मनात वजाबाकी केली आणि भर उन्हात मला थंडी वाजली.

“याहून टिकाऊ नाही का काही?”

“आहे की. पलीकडच्या दुकानात प्लॅस्टिकची मिळतात. बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय.”

संध्याकाळचा आकडा आला. चढला होता.

ताईनं मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात ओढलं. ती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची, हे सांगायला हवं. ती कुजबुजली, “पूर्वी मूल जगावं म्हणून धोंडू, दगडू अशी नावं ठेवायचे. चांगल्या नावावर दृष्ट पडते. दगडाकडे कोण बघतंय?”

“मुलीला काय म्हणायचं मग?”

“धोंडी म्हण. पण हळू. तुझ्या बायकोला कळू देऊ नकोस.”

मग शास्त्राचे आम्ही दोन जाणकार काचेच्या पेटीला नाक लावून उभे राहिलो आणि एका सुरात पुटपुटू लागलो, “धोंडे, ए धोंडे, धोंडे गं.” शेजारी ताईचा आवाज फाटला आणि ती थांबली. मी एकटाच म्हणत राहिलो.

मागे वळलो तर बायको. टाके ओढत असताना भिंत धरून आली होती. तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं, स्टूल पेटीजवळ ओढलं आणि बसली. एक शब्द बोलली नाही. एरवी माझ्या असल्या उद्योगांवर ती लगेच काहीतरी सुनावते. ती गप्प राहिली म्हणून मी जास्तच घाबरलो.

सकाळी डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. “उतरतोय,” म्हणाले. रक्त बदलायची गरज पडली नाही. मी “थँक्यू” म्हणायला तोंड उघडलं आणि बाकावर मटकन बसलो.

बारसं ठरल्या दिवशीच झालं. वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून इकडून तिकडे दिला. माझ्या हातात आला तेव्हा मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग नाव ठेवायची वेळ आली आणि ताई सगळ्यांसमोर माझ्या बायकोला म्हणाली, “नाव तू सांग. मी फक्त कानात सांगते.” असं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली असावी.

बायको म्हणाली, “जुई.”

ताईनं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. जुईचं फूल किती टिकतं, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायची छातीच नव्हती.

मंडळी पांगल्यावर, दिवेलागणीला, बायको पाळण्याशी बसली होती. मी सगळं कबूल केलं. फुलवाली, शेवंती, प्लॅस्टिक, सगळं. म्हटलं, “तू त्या दिवशी काहीच बोलली नाहीस. वेड्यात काढलं असशील आम्हाला.”

“वेड्यात काढायला सवड कुठे होती?” पाळण्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. “मी तिचे श्वास मोजत होते. साठ झाले की पुन्हा एकपासून. अजून मोजते. आत्ता चौतीस झाले होते, अहो. तुम्ही बोललात आणि चुकलं.”