वहिदाबाजी अध्यक्ष झाल्या

वहिदाबाजी अध्यक्ष झाल्या, कारण त्यांचं माहेर हदगावचं आणि सासर लातूरचं. दुसरी कारणं शोधली तर सापडतीलही, पण त्या दिवशी सभेत ती कुणी मांडली नाहीत. हदगाव नांदेड जिल्ह्यात. त्यामुळं नांदेडच्या बायांना त्या आपली लेक वाटल्या आणि लातूरच्या बायांना आपली सून. ही संघटना होती स्तनपान सल्लागारांची. म्हणजे नवी बाळंतीण लेकराला पाजायला अडली की तिच्याजवळ बसून वाट काढून देणाऱ्या बायांची. अशा बाया दोन्ही जिल्हे मिळून एका टेम्पोत मावतील एवढ्याच होत्या. तरी भांडायला तेवढ्या पुरल्या.

बाजी मूळच्या नर्स. लातुरात एका डॉक्टरबाईंच्या प्रसूतिगृहात त्या लग्नानंतर लागल्या. नवरा चांदपाशा गाद्या भरायचा. गंजगोलाईच्या बाजारामागं त्याचं दुकान होतं आणि त्याच्या भुवयांवर बाराही महिने कापूस बसलेला असायचा. घरात दोघं कमी बोलत. बाजी दिवसभर बाळंतिणींशी बोलून दमत आणि चांदपाशाला मुळातच बोलायची हौस नव्हती.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. लातूर शहर हललं आणि थांबलं. औसा तालुक्याच्या त्या टोकाला गावंच्या गावं बसली. डॉक्टरबाईंनी जीप काढली, बाजींना औषधांच्या खोक्यांसह मागं बसवलं. बाजींची नेमणूक एका पत्र्याच्या शेडात झाली. तिथं बाळंतिणी आणि तान्ही लेकरं ठेवली होती. मदतीला जगभरातून दुधाच्या पावडरीचे डबे आले होते. त्यांवरची अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती. टँकरचं पाणी गढूळ होतं. पावडर पाजली की लेकरांना जुलाब लागायचे. पहिल्या दिवशी ती पावडर बाजींनीच कालवून दिली होती, कारण घाबरलेल्या बाईचं दूध आटतं असं त्या नोकरीत शिकल्या होत्या.

त्या शेडात गुणाबाई नावाची एक बाई होती. सासू आणि जाऊ दोघी ढिगाऱ्याखाली गेल्या होत्या. ती रडत नव्हती, बोलत नव्हती. मांडीवरची पोर छातीला लावली की पोर चोखून चोखून किंचाळायची. पावडर तिला पचत नव्हती.

"दूध आटलंय का?" बाजींनी विचारलं.

"आटलं न्हाई वं बाई," गुणाबाई पहिल्यांदा बोलली. "भ्यालंय."

यावर काय औषध द्यायचं ते बाजींना माहीत नव्हतं. म्हणून त्या तिच्याजवळ बसल्या. रोज येऊन बसायच्या, पोर छातीला लावून द्यायच्या आणि काहीतरी बोलायच्या. हदगावचा कापूस, तिथला बाजार, बहिणींची लग्नं. एकदा गुणाबाईनं विचारलं, "तुमचे मालक काय करतेत?"

"गाद्या भरतेत."

गुणाबाईनं हातानं खालची सतरंजी चाचपली. मग म्हणाली, "माझी गादी खाली राहिली. लग्नातली व्हती. लई जाड व्हती." आणि रडायला लागली. सासूसाठी न रडलेली बाई गादीसाठी तासभर रडली. बाजींनी अडवलं नाही. पोर मांडीवरच होती. रडणं ओसरत आलं तेव्हा पोरीच्या घशाचा घुटुक घुटुक आवाज यायला लागला.

आपण काय केलं, हे बाजींना तेव्हा सांगता आलं नसतं. घरी आल्यावर त्यांनी चांदपाशाला हकीकत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एक जाड गादी भरून मदतीच्या ट्रकवर टाकली. ती गुणाबाईला पोचली की नाही हे कळलं नाही. त्या दिवसांत कुठलं सामान कुठं उतरलं हे ट्रकवाल्यालाही सांगता येत नसे.

पुढं लातुरात पोरं शिकायला यायला लागली. आधी जिल्ह्यातली, मग मराठवाड्यातली, मग कुठकुठली. डॉक्टर होण्यासाठी लातूरला यायचं असं ठरूनच गेलं. शिकवण्यांच्या इमारती उठल्या, घराघरात खाटा पडल्या आणि चांदपाशाचं दुकान चालायला लागलं. हॉस्टेलवाले अरुंद आणि पातळ गाद्या मागत. "जाड गादीवर पोरगं झोपतं," असं एका मालकानं त्याला समजावून सांगितलं होतं. चांदपाशानं पातळ भरून दिल्या.

डॉक्टरबाई म्हाताऱ्या झाल्या आणि मुलाकडं परदेशी गेल्या. प्रसूतिगृहाची अभ्यासिका झाली. जिथं बाया कळा द्यायच्या तिथं पोरं रसायनशास्त्र पाठ करायला लागली. बाजींची नोकरी गेली. तेव्हाच नांदेडला स्तनपान समुपदेशनाचं एक प्रशिक्षण होतं. त्या गेल्या, कारण नांदेडला मामेबहीण होती आणि राहायची सोय होती.

तिथं त्यांना कळलं की नोकरीत त्यांनी बाळंतिणींना सांगितलेलं बरंच काही चूक होतं. घड्याळ लावून पाजायचं नव्हतं. लेकराला साखरपाणी द्यायचं नव्हतं. बाजी मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. भीतीनं दूध आटत नाही, आतच अडतं, बाई निवांत झाली की उतरतं, असं शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. बाजी शेजारणीला म्हणाल्या, "गुणाबाई बरोबर होती." शेजारणीला गुणाबाई कोण ते माहीत नव्हतं. तिनं मान हलवली.

ही शेजारीण म्हणजे तारामतीताई, नांदेडच्या एका दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ. पुढच्या बाकावर लातूरच्या सिंधु मॅडम होत्या, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या. शेवटच्या दिवशी चहा पिताना सिंधु मॅडम म्हणाल्या, "आपली संघटना पाहिजे." तारामतीताई म्हणाल्या, "हाव, पाहिजेच." या दोघींचं एकमत झाल्याचा प्रसंग पुढं फार वर्षं आला नाही.

त्या काळात विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून दोन्ही शहरांत मोर्चे निघत होते. संघटनेचं नाव 'लातूर-नांदेड' की 'नांदेड-लातूर' यावर पहिली सभा संपली. कार्यालय कुठं यावर दुसरी. तिसरी सभा मध्ये पडतं म्हणून अहमदपूरला घेतली. तिथं संघटनेची एकही सभासद राहत नव्हती, त्यामुळं कुणाची हरकत नव्हती. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं संघटनेचं नाव विचारलं. ऐकल्यावर त्यानं खडू खाली ठेवला, परत उचलला आणि फळ्यावर 'महिलांचा कार्यक्रम' असं लिहिलं.

त्याच सभेत बाजी अध्यक्ष झाल्या. घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा चांदपाशा गादीला टाके घालत होता.

"काय के अध्यक्ष?"

बाजींनी पूर्ण नाव सांगितलं. त्यानं सुई थांबवली. "लोगां पूछे तो क्या बोलूं?"

"बाळंतिणींची अध्यक्ष म्हणा."

"हां, वो ठीक है," तो म्हणाला आणि टाका ओढला.

अध्यक्ष झाल्यावर काय करायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. बाजी पूर्वीसारख्याच घरोघर जात राहिल्या. संघटनेला पहिलं खरं काम मिळालं ते लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात. सल्ल्यातलं पहिलं वाक्य "पाणी भरपूर प्या" असं होतं. ते म्हणताना सिंधु मॅडमचाही आवाज खाली यायचा.

उज्वला नावाची मुलगी दयानंद सरांच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. शिरूर अनंतपाळकडची शेतकऱ्याची लेक, स्वतःचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकलेली. बाळंत होऊन ती लगेच कामावर आली, कारण उन्हाळी बॅच थांबत नाही. लेकरू घरी सासूजवळ. सलग तासांवर तास घ्यायची. एके दिवशी सस्तन प्राण्यांच्या ग्रंथी शिकवताना तिचा कुर्ता समोरून ओला झाला. हॉल भरलेला होता. तिनं ओढणी ओढून घेतली, फळ्याकडं तोंड केलं आणि उरलेला धडा पाठमोरी राहून शिकवला. संध्याकाळी ताप भरला, छातीत गाठी झाल्या. नवरा बाजींना बोलवायला आला.

बाजींनी गरम फडक्यानं शेकून हातानं दूध काढायला शिकवलं, डॉक्टरकडं पाठवलं. ताप उतरल्यावर विचारलं, "मधल्या सुट्टीत लेकराला आणून पाजता येत न्हाई का?"

"कुठं पाजू, बाजी? टॉयलेट सोडून दार लावता येईल अशी खोलीच नाही. सरांना कसं सांगू?"

"मी सांगते."

दयानंद सर अदबीनं वागले. त्यांनी चहा मागवला. "बाजी, तुमचं काम मोठं आहे," ते म्हणाले. "पण माझ्याकडं खोली म्हणजे बॅच. एक खोली दिली की एक बॅच गेली. तुम्हीच सांगा, काय करू?"

बाजींनी चहा प्यायला आणि अहमदपूरला सभा बोलावली. सिंधु मॅडम म्हणाल्या, निवेदन देऊ. तारामतीताई म्हणाल्या, हा लातूरचा प्रश्न आहे, लातूरनं बघावा. यावर दुपार गेली. निघताना तारामतीताईंनी बाजींना बाजूला घेऊन विचारलं, "सरांकडं कधी जाणार तुम्ही?"

"सोमवारी."

सोमवारी नांदेडची एसटी लातूरला आली तेव्हा तीतून तारामतीताई आणि आणखी चौघी उतरल्या. एकीच्या कडेवर लेकरू होतं, कारण ते घरी ठेवायची सोय नव्हती. बाजी आणि सिंधु मॅडम स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. मोर्चा काढायचा कुणाचाच विचार नव्हता. निवेदन द्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, एवढंच. पण क्लासला पोचल्या तेव्हा सर तासावर होते. चौकशीच्या हॉलमध्ये थांबायला सांगितलं. प्रवेशाचे दिवस होते. खुर्च्यांवर आईबाप आणि त्यांची दहावी झालेली पोरं बसली होती. भिंतीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. लेकरू भुकेनं रडायला लागलं तेव्हा त्याच्या आईनं फोटोंकडं पाठ केली आणि पदराआड पाजायला घेतलं.

समोर शिरूर अनंतपाळच्या बाजूची एक बाई मोठ्या लेकीला घेऊन आली होती. तिच्याही मांडीवर उशिरा झालेलं तान्हं होतं. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि तीही पाजायला बसली. एका मुलाची आजी उठून जवळ आली आणि दोघींनाही, लेकराचं डोकं जरा वर धरा, म्हणाली. तिचं बरोबर होतं. सिंधु मॅडमनी तिला बसायला खुर्ची दिली. बापलोक एक एक करून बाहेर गेले आणि झाडाखाली उभे राहिले. काउंटरवरचा माणूस संगणकात बघत राहिला. संगणक बंद होता.

सर तास संपवून आले ते दारातच थांबले. तेवढ्यात शिरूरची बाई काउंटरवर जाऊन म्हणाली, "ह्याच क्लासला नाव लिवा पोरीचं. हितं लेकुरवाळीची सोय हाय."

सरांनी तिच्याकडं बघितलं, मग बाजींकडं. "सोय," ते म्हणाले. "हो. आहे. म्हणजे करायलोत."

जिन्याखालच्या खोलीत जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे होते. ते रद्दीत गेले. आतून कडी बसवली, खुर्ची ठेवली. चांदपाशानं एक गादी आणून टाकली. पातळ नव्हती. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात सरांनी ग्रंथालयाच्या खाली आणि सीसीटीव्हीच्या वर 'मातांसाठी स्वतंत्र कक्ष' असं छापलं. उज्वलाची सासू मधल्या सुट्टीत रिक्षानं नातू घेऊन यायची. तो चालायला लागेपर्यंत उज्वलानं पाजलं. नांदेडच्या बायांनी परत जाऊन तिकडच्या दोन क्लासांत तशाच खोल्या करून घेतल्या आणि आपल्या खोल्या मोठ्या आहेत असं सभेत सांगितलं.

मग बाजींची मुलगी हुमा बाळंत झाली. ती हैदराबादला दिलेली. जुळं झालं, दिवसांआधीच. बाजी गेल्या. जे माहीत होतं ते सगळं केलं. शेजारी बसल्या, बोलल्या, काढलेलं दूध वाटीचमच्यानं पाजलं. एक लेकरू भरलं, दुसरं भरेना. त्याचं वजन उतरत गेलं. हुमा रात्रंदिवस जागी राहून सुकत चालली. डॉक्टरांनी वरचं दूध लिहून दिलं.

"अम्मी, तुमकू कैसा लगेगा?" हुमानं विचारलं.

बाजींनी बाटली उकळली, पाणी उकळून निववलं, डब्यावरचं वाचून पावडर मोजली आणि लेकराला मांडीवर घेतलं. हुमा बघत बघत झोपली. बाजींनी ते पाजलं आणि लेकरू खांद्यावर घेऊन खोलीभर फिरल्या. त्यांना रडू आलं, पण लेकरू ढेकर द्यायच्या बेतात होतं म्हणून त्या थांबल्या.

अहमदपूरच्या पुढच्या सभेत आयत्या वेळचे विषय आले तेव्हा बाजी उभ्या राहिल्या. झालं ते सगळं सांगितलं. "हे संघटनेत चालत नसेल तर दुसरी अध्यक्ष बघा," त्या म्हणाल्या.

मग सिंधु मॅडम म्हणाल्या, "माझ्या सुनेनं पण दिलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

तारामतीताई म्हणाल्या, "मी तर माझ्या थोरल्याला स्वतःच दिलंय."

आणखी एक हात वर झाला, मग मागून एक. ज्या आईला वरचं द्यावंच लागतं तिला बाटली उकळायची आणि पाणी निववायची रीतही आपणच शिकवायची, असं ठरलं. विरोध झाला नाही. राजीनाम्याचा विषय कुणी घेतला नाही आणि बाजींनी पुन्हा काढला नाही. जेवणात वरण-भात आणि गुळाची लापशी होती.

परतीची लातूर गाडी खचाखच भरलेली आली. नवीन बॅच सुरू होत होत्या. पोरं, आईबाप, पेट्या, बादल्या आणि टपावर बांधलेल्या गाद्या. बाजी आणि सिंधु मॅडम उभ्यानंच निघाल्या. चाकूरला एक जागा झाली, ती सिंधु मॅडमना मिळाली. त्यांनी बाजींची पिशवी मांडीवर घेतली. बाजी लातूरपर्यंत उभ्याच होत्या.