अस्तित्ववाद सांगायचा कुणी?

मंडळी, आज आमच्या दादरच्या वाचनगटात मी पहिल्यांदाच बोलणार होते. विषय होता अस्तित्ववाद, म्हणजे माणूस आपल्या निर्णयांतून स्वतःला घडवतो हा फ्रेंच लेखकांनी गाजवलेला विचार. मी उभी राहिले आणि तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक सामंत सर पुढच्या रांगेतून म्हणाले, "मूळ फ्रेंच वाचलंयस? नाही ना? मग हे सांगायचा अधिकार तुला कुणी दिला?"

तेवढ्यात माझी मैत्रीण सुजाता म्हणाली, "सर, तुम्ही फ्रेंच कुठे शिकलात?"

सर खो खो हसत म्हणाले, "अगं, मीही इंग्रजीतूनच वाचलंय! बोल तू. चुकलीस की अडवेन."

दोनदा अडवलं, आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. पण आईच्या आजारपणात नोकरी सोडायचा निर्णय माझा मलाच कसा घ्यावा लागला, हे मी सांगितलं तेव्हा सर मान डोलावत ऐकत होते.

शेवटी म्हणाले, "पुढच्या वेळी दोघं मिळून बोलू. पुस्तकातलं मी, जगण्यातलं तू."

मी म्हटलं, "सर, थोडं पुस्तकातलं मलाही ठेवा की!"

तुम्हाला काय वाटतं, एखादा विचार समजावून सांगायचा हक्क कुणाचा?