भवानीबाईंचा घोटा आणि गळा

मेलकावेरीतल्या भवानीबाईंच्या घरी फ्रीज होता, पण त्याच्या वरच्या कप्प्यात बर्फाचा तुकडाही कधी तयार झाला नव्हता. तिथे खोवलेला नारळ आणि लाल मिरच्यांच्या पिशव्या असत. हरिकथा सांगणाऱ्या बाईच्या घरात गारव्याला थारा द्यायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. लहानपणी मुलीच्या हातात चिपळ्या देताना ते म्हणाले होते, "गळा राखशील तर गळा तुला राखील." भवानीबाईंनी तो राखला. कुंभकोणमच्या चैत्रातल्या उन्हात घरोघरी माठाचं पाणी पीत, तेव्हाही ह्या जिऱ्याचं कोमट पाणी घोट घोट घेत.

कथा त्या तमिळमध्ये सांगायच्या. मधूनच एखादी साकी किंवा दिंडी मराठीत म्हणायच्या, तेव्हा समोर बसलेल्या तंजावरकडच्या मराठी माणसांच्या माना आपोआप डोलत. त्यांचे यजमान राजगोपाल टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. ते मागे सूर धरणारी श्रुतिपेटी घेऊन बसत आणि बाईंनी ओळ सोडली की ती उचलत. दोघांचं सगळं आयुष्य असं पुढेमागे गेलं होतं.

यंदा पापनाशमच्या सीताकल्याण, म्हणजे सीताविवाहाच्या, उत्सवाचं बोलावणं आलं, तेव्हा भवानीबाई अख्खा दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. त्या उत्सवात पूर्वी त्यांचे वडील कथा करीत. ते गेल्यावर आयोजकांनी दुसऱ्यांना बोलावलं, मग तिसऱ्यांना. मुलीची आठवण त्यांना इतक्या वर्षांनी झाली होती.

आणि नेमका त्याच्या थोडे दिवस आधी इन्नंबूरला पाय मुरगळला.

तिथली कथा छान रंगली होती. आरती झाली, प्रसाद झाला. मंचावरून उतरायला खाली एक बाक ठेवला होता. भवानीबाईंनी त्यावर पाय टेकला, बाक कलला आणि उजवा पाय घोट्यातून आत वळला. पोटरीपर्यंत वीज चमकली. त्या खालीच बसल्या.

ज्यांच्या घरी दोघं उतरले होते त्या अलमेलु मामी मायेची बाई. त्यांनी धावाधाव करून चिंच आणि मीठ कढवलं आणि सोसवेल तितका गरम लेप घोट्यावर थापला. "सकाळपर्यंत नाचाल तुम्ही," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर राजगोपालांनी त्यात भर घातली. वाफाळत्या पाण्याची बादली आणून बायकोचा पाय तीत बुडवला. बरं वाटेल म्हणून बाईंनी दात-ओठ खात सोसलं.

सकाळी उठून पाहतात तर पाय दुधीभोपळ्यासारखा. कातडी ताणून तकतकीत झालेली, घोट्याचं हाड कुठे ते दिसेना. जमिनीला टेकवला की डोळ्यांत पाणी.

राजगोपालांनी हरिणीला फोन लावला. हरिणी भवानीबाईंच्या भावाची मुलगी; आत्याच्या यजमानांना ती तिकडच्या रीतीने मामा म्हणे. फिजिओथेरपी शिकून तिने पोत्रामरै तळ्याजवळ एका भाड्याच्या खोलीत दवाखाना घातला होता. ती आली, पाय पाहिला आणि आधी कपाळाला हात लावला.

"ह्यावर ऊन काय काय घातलं?"

"चिंच, मीठ. मग कढत पाणी," राजगोपाल म्हणाले. "सूज उतरावी म्हणून."

"मामा, ताजी दुखापत आहे ही. आतून रक्त आणि पाणी झिरपतंय. त्यावर शेक दिला की अजून झिरपतं. चला, आधी फोटो काढू."

एक्स-रे निघेपर्यंत भवानीबाई बाकावर मान खाली घालून बसल्या होत्या. हाड मोडलं असेल तर प्लास्टर, प्लास्टर म्हणजे दीड-दोन महिने, म्हणजे पापनाशम संपलंच. त्या मनात श्लोक म्हणू लागल्या, तर पुढची ओळच आठवेना. असं त्यांना कधी झालं नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, हाड शाबूत आहे. नस ताणली गेलीय, जपा.

बाई रिक्षात बसल्या आणि पदराने तोंड झाकून हसायला लागल्या. राजगोपालांना आधी वाटलं रडतेय.

"भवानी, काय जाहालं?"

"काही नाही. श्लोक आठवला."

घरी आल्यावर मात्र पंचाईत उभी राहिली. हरिणी म्हणाली, बर्फ लावायचा.

"बर्फ?" भवानीबाईंनी पाय मागे ओढला आणि कळवळल्या. "मजला बर्फ? पापनाशमची कथा तोंडावर आली आहे, आणि तू बर्फ म्हणतेस?"

"पायाला लावायचा आहे, आत्या. खायचा नाही."

"गारठा पायातूनच चढतो. वडील सांगत."

"आजोबा गळ्याचं सांगत ते खरं असेल, पण घोट्याची आणि गळ्याची सोयरीक नाही. सूज नाही उतरली तर उभी कशी राहशील? आणि उभी नाही राहिलीस तर तो गळा घेऊन करशील काय?"

बाईंनी मागे ओढलेला पाय हळूच पुढे केला. राजगोपाल समोरच्या ज्यूसच्या दुकानातून पिशवीभर बर्फ घेऊन आले. हरिणीने तो फोडला, पिशवीत भरला, पिशवी ओल्या पंच्यात गुंडाळली. नुसता बर्फ कातडीवर ठेवायचा नाही, कातडी जळते, हे तिने दोनदा सांगितलं. पाय दोन उशांवर चढवला आणि गाठोडं घोट्यावर ठेवलं.

भवानीबाईंनी डोळे गच्च मिटले. मग सावकाश "सा" लावला.

"आत्या, काय करतेस?"

"पाहते, राहतो का जातो."

आधी घोट्यात सुया टोचल्या, मग जळजळलं, मग हळूहळू तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा बधिर झाला. बाई षड्जावरून पंचमावर गेल्या, तिथून वरच्या षड्जावर. राजगोपालांनी सवयीने श्रुतिपेटी ओढली. पंधरा-वीस मिनिटांनी हरिणीने पंचा काढला तेव्हा आवाज जागच्या जागी होता आणि घोट्याचा ठणका पहिल्यांदाच शांत झाला होता. बाईंनी गळ्यावरून हात फिरवला, पायाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "संध्याकाळी आणखी लावू या का?"

त्या दिवशी फ्रीजमधल्या मिरच्या खालच्या कप्प्यात गेल्या.

दोन-तीन दिवस बर्फ, पट्टी आणि उशी, एवढंच चाललं. घोट्याचं हाड पुन्हा दिसू लागलं. निळं-काळं पिवळट झालं. मग हरिणीने पाय हलवायला लावला. हवेत अंगठ्याने अक्षरं काढायची.

"श्रीराम काढ," ती म्हणाली.

"देवाचं नाव पायानं? लाज नाही वाटत?"

शेवटी बाईंनी भाज्यांची नावं काढली. पडवळ, दोडका, सुरण. सुरणाचा 'ण' अवघड जायचा.

लंगडून चालल्यामुळे आता पोटरी आणि कंबर लाकडासारखी झाली होती. तिथे मात्र हरिणीने गरम पाण्याची रबरी पिशवी दिली. "घोट्याची सूज उतरली आहे. आता आखडलेल्या स्नायूंना ऊब चालेल. पिशवी टॉवेलात गुंडाळ आणि तिच्यावर झोपून जाऊ नकोस." बाईंना तर माहेरी आल्यासारखं झालं. कमरेत ऊब शिरली की त्यांच्या तोंडून आपोआप "हा..." निघायचं.

ते ऐकून राजगोपालांनाही मोह झाला. त्यांचे पाय अलीकडे जड वाटत. एका दुपारी बाई डुलकी घेत होत्या, तेव्हा त्यांनी पिशवी उघड्या पायांवर ठेवली आणि पेपर वाचत बसले.

हरिणी आली ती थेट त्यांच्यापाशी. पिशवीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"मामा! भाजत नाही तुम्हाला?"

"छे. कोमट तर आहे."

तिने पिशवी उचलली. खाली दोन्ही पाय लालबुंद झाले होते. तिने ते नळाच्या पाण्याखाली धरले. मग त्यांना डोळे मिटायला लावून कापसाने एकेका बोटाला स्पर्श केला आणि कुठलं बोट ते विचारलं.

"तू कापूस लावतेस तरी का?" राजगोपालांनी विचारलं.

भवानीबाई उठून दारात येऊन उभ्या होत्या. साखरेचा त्रास राजगोपालांना पुष्कळ वर्षांचा. पायांना येणाऱ्या मुंग्या थांबल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, बरं झालं. त्या पायांतली जाणीवच गेली होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

"अहो, सांगितलं का नाहीत?" बाई म्हणाल्या.

"दुखत नव्हतं ते काय सांगूं?"

त्या रात्री दोघांना झोप लागली नाही. बाई सारख्या दिवा लावून त्यांचे पाय पाहत. फोड आला तर साखरेच्या माणसाला तो भरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याच नात्यातल्या एकांचं पाऊल असंच गेलं होतं. उजाडलं तेव्हा लाली ओसरली होती. कातडी कोरडी, अखंड. भवानीबाईंनी हात फिरवून पाहिला, पुन्हा फिरवून पाहिला आणि तिथेच पायथ्याशी डोकं टेकून बसून राहिल्या.

डॉक्टरांनी औषध बदललं, पाय रोज तपासायला सांगितले. शेक नको, बर्फही नको आणि अनवाणी चालणं नको. राजगोपालांनी मऊ तळव्याच्या चपला घेतल्या. "वेळेवर कळलं," डॉक्टर म्हणाले, आणि त्या दोन शब्दांनी घरातला ताण सैल झाला.

पापनाशमला मंडप भरला होता. हरिणीने एक उंच स्टूल आणलं होतं. घोट्याला पट्टी बांधून भवानीबाईंनी त्यावर बसूनच कथा सुरू केली. कुणी कुजबुजलं असेल, त्यांनी लक्ष दिलं नाही. मिथिला आली, धनुष्य आलं. जानकी माळ घेऊन निघाली, तेव्हा बाईंना बसवेना. त्या उठल्या. उजवा पाय क्षणभर चाचपला, मग त्याने भार घेतला. चिपळ्या वाजल्या आणि वडिलांनी शिकवलेली दिंडी त्यांनी मोकळ्या आवाजात सोडली. मागून राजगोपालांनी ओळ उचलली.

परतताना गाडीत बाईंनी पाय हरिणीच्या मांडीवर पसरला. पाय दमला होता, थोडा ठणकतही होता, पण फुगला नव्हता. पुढच्या सीटवर राजगोपाल आयोजकांचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगत होते, पुढच्या वर्षीही बाईच हव्यात म्हणून. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भवानीबाईंनी ते तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, आणि कावेरीचा पूल यायच्या आत त्यांना गाढ झोप लागली.